बोर्डावरच्या वन्सं

माझ्या नणंदेला हॉस्पिटलात सगळे बोर्डबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी तिथला टेलिफोनचा बोर्ड सांभाळला आणि एवढ्या काळात त्यांचं नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही. मी त्यांना वन्सं म्हणायचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, माझ्या यजमानांची एकुलती बहीण, बिनलग्नाच्या. यजमान गेल्यावर आम्ही दोघी त्याच तीन खोल्यांत राहिलो. लोक म्हणत, वहिनीनं नणंदेला सांभाळलं. वन्सं म्हणत, "भाऊ गेला आणि जाताना ही शाळामास्तरीण माझ्या गळ्यात बांधून गेला." मी कधी शाळेत शिकवलं नाही. पण रोजची नोंद तारीख आणि वेळेसकट लिहिते. ही सवय मला मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावली. वन्संना तिची चीड होती.

त्यांची स्वतःची नोंदवही मात्र माझ्याहून कडक होती. जिन्याखालच्या बोर्डाच्या खोलीला खिडकी नव्हती. उंच माणसाला डोकं वाकवून आत यावं लागे. पंखा आवाज करतो म्हणून तो बहुतेक वेळ बंदच. आधी छिद्रांचा आणि दोऱ्यांचा बोर्ड होता, मग बटणांचा आला. वही तीच राहिली. बाहेर लावलेला प्रत्येक फोन त्यात लिहायचा: वेळ, नंबर, कुणी सांगितला, आणि शेवटी "लागला", "एंगेज" किंवा "उत्तर नाही".

बोर्ड एक मिनिटही रिकामा सोडायचा नाही, हा नियम. पूर्वी दोघी असत, नंतर एकीची जागा भरलीच नाही. बायकांचं स्वच्छतागृह ओपीडीच्या पार पलीकडे. मग वन्सं पाणीच पीत नसत. सात सात तास लघवीला जात नसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "माझी टाकी गावाला पाणी पुरवेल," म्हणायच्या.

डॉक्टर त्यांना आवाजावरून पाठ होते. कुणाचं सकाळी बायकोशी वाजलंय, कुणाला खोकला झालाय, कोण खोटं सांगून घरी उशिरा जातोय, सगळं ठाऊक. डॉक्टरांना मात्र त्यांचा चेहरा माहीत नव्हता. एकदा लिफ्टमध्ये मोठ्या सर्जननी त्यांना विचारलं, "बाई, तुमचा पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?" याच माणसाला त्या अठरा वर्षं रोज सकाळी फोनवर नमस्कार करत होत्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, माझा पेशंट नाही. मग मजला आला, मी उतरले."

आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

३ मार्चला, कपडे वाळत घालताना, त्या मला म्हणाल्या, "वहिनी, आज लाल झाली."

"काय लाल झाली?"

"लघवी. आणखी काय लाल होणार आता या वयात?"

त्या तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा नेहमीसारखा. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दाखवलं नाही, विचारलं. तेही फोनवर, मोठ्या सर्जनना, बाहेरची लाईन लागायच्या आत.

"साहेब, तोवर एक विचारू? आमच्या शेजारच्या बाईंना लघवीतून रक्त जातंय."

"जळजळ?"

"नाही."

"पाणी कमी पीत असतील. पाच दिवस गोळ्या घ्यायला सांगा. थांबलं नाही तर पाठवा."

हा संवाद वन्संनी मला दोन्ही आवाज काढून ऐकवला. आपला आणि त्यांचा. सर्जनचा आवाज त्या हुबेहूब काढत. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना शेजारची बाई सांगितली होती आणि शेजारच्या बाईला कुणी फोनवर किती तपासणार? पण "थांबलं नाही तर" या तीन शब्दांनी आमचा घात केला. कारण ते थांबायचंच. २१ ऑगस्टला पुन्हा आलं, दीड दिवसात थांबलं. वन्संनी तेवढ्यात गोळ्या घेतल्या होत्या, म्हणून श्रेय गोळ्यांना. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

पुढच्या वर्षी ९ एप्रिलला तिसऱ्यांदा आलं. या वेळी त्यांनी मोरी न धुता मला बोलावलं. बीट धुतलेल्या पाण्यासारखं होतं.

"आता फोनवर नाही," मी म्हटलं. "केसपेपर काढा आणि चारचौघांसारख्या रांगेत बसा."

"स्टाफचा केसपेपर काढला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डांत होईल. बोर्डबाईला काय झालं, बोर्डबाईला काय झालं."

"मग साधा काढा."

त्यांनी साधा काढला. नाव, वय, पत्ता. व्यवसायाच्या जागी "घरकाम" लिहिलं. मी शेजारीच होते. आमच्या घरचा नंबर फाईलच्या पुठ्ठ्यावर मी माझ्या हातानं लिहिला, सुटे सुटे आकडे काढून.

ओपीडीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "आजी, पन्नाशीच्या पुढे न दुखता डोळ्याला दिसण्याइतकं रक्त गेलं, तर ते थांबलं म्हणून सोडून द्यायचं नसतं. कुठून आलं ते सापडेपर्यंत बघायचं." मग तिनं कागदावर क्रमानं लिहून दिलं. आधी सोनोग्राफी, मूत्राशय पूर्ण भरून. मग सीटी: शिरेतून औषध सोडतात, ते किडनीतून गाळून खाली मूत्राशयात उतरतं आणि त्याची वाट फोटोत पांढरी दिसते. आणि शेवटी दुर्बीण, लघवीच्या जागेतून आत घालून मूत्राशय आतून बघायला.

"दुर्बीण कोण घालतं?" वन्संनी विचारलं.

"मोठे सर्जन. दहा मिनिटांचं काम आहे, घाबरू नका."

वन्सं त्यानंतर घरी येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, रोगाची भीती.

सोनोग्राफी २ मेला होती. सकाळी नऊपर्यंत लिटरभर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. वन्संनी ड्यूटी बदलून घेतली होती, पण बदलीची मुलगी आलीच नाही. बोर्ड रिकामा कसा ठेवणार? लिटरभर पाणी पोटात घेऊन त्या जिन्याखाली जाऊन बसल्या. साडेदहाला घाटात एक बस उलटली. मग सगळ्या लाईनी एकदम लाल. रक्तपेढी, शवागार, पोलीस, हरवलेल्यांचे नातेवाईक. मी साडेनवापासून सोनोग्राफीच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. माझ्यासमोर चौदा जणांची नावं पुकारली गेली.

बदलीची मुलगी आल्यावर, अकरा वाजून वीस मिनिटांनी, वन्सं आल्या. चालताना भिंतीचा आधार घेत होत्या. बाकाजवळ थांबल्या नाहीत, पुढे स्वच्छतागृहाकडे गेल्या. चार मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा चेहरा सैल झाला होता. मी काय समजायचं ते समजले आणि बोलणार तेवढ्यात आतून पुकारा झाला.

आत सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भरलंय ना मूत्राशय?" आणि वन्सं म्हणाल्या, "हो."

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. एकतीस वर्षं टाकीची बढाई मारलेली बाई, टाकी रिकामी झाली हे कुठल्या तोंडानं सांगणार?

अहवालात लिहिलं होतं: दोन्ही किडन्या व्यवस्थित, खडा नाही, सूज नाही. मूत्राशय पुरेसं भरलेलं नसल्यामुळे आतली बाजू नीट पाहता आली नाही. पुन्हा भरून तपासावं. ओपीडीतल्या डॉक्टरणीनं ते वाचलं. "सीटीची तारीख मिळाली की दोन्ही एकाच दिवशी करू. तुम्हाला घरी फोन येईल," ती म्हणाली.

फोन आला नाही. मी वाट पाहिली. पंधरा दिवसांनी वन्संना विचारलं.

"रांग असते वहिनी, येईल. आणि किडन्या तर ठणठणीत आहेत ना?"

महिन्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मूत्राशय माझं आहे की तुमचं?"

त्यानंतर मी विचारलं नाही. रंग ठीक आहे ना, एवढंच अधूनमधून विचारायचे. त्या म्हणायच्या, ठीक आहे. ठीक नव्हता. मधल्या महिन्यांत दोनदा रक्त गेलं होतं आणि त्या मोरी धुवून बाहेर येत होत्या.

१४ डिसेंबरला सकाळपासून त्यांना लघवी होईना. दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं. वन्संच्या तोंडून कण्हणं मी पहिल्यांदा ऐकलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं रिक्षा आणली. हॉस्पिटलात नळी घातली तेव्हा आधी रक्ताच्या गुठळ्या आल्या, मग बाकी सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटी झाली. सोनोग्राफी जिनं केली होती त्याच डॉक्टरणीनं मला पडद्यावर चित्र दाखवलं. औषध किडन्यांतून खाली उतरलं होतं आणि मूत्राशय दुधासारखं पांढरं दिसत होतं. त्याच्या डाव्या बाजूला लिंबाएवढा काळा खड्डा होता.

"इथं पांढरं भरायला हवं होतं," ती म्हणाली. "गाठ आहे. भिंतीच्या बाहेर गेली आहे."

"मे महिन्यात दिसली असती?"

"बहुतेक दिसली असती. आम्ही पुन्हा बोलावलं होतं तुम्हाला. तुम्ही आला नाहीत."

"कोण म्हणतं बोलावलं? मी रोज घरी असते. फोन आला नाही."

तिनं फाईल उघडून दाखवली. आत एक चिठ्ठी टाचलेली होती. तीन तारखा, तीन वेळा, तिन्हींपुढे "उत्तर नाही". खाली शिक्का: तीन प्रयत्नांनंतर फाईल बंद.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी त्याच पावली घरी गेले आणि वही घेऊन परत आले. १९ मे, सकाळी दहा चाळीस: नळ दुरुस्त करणारा आला होता, फोनच्या स्टुलावर त्यानं पाना ठेवला म्हणून मी त्याला बोलले होते. २३ मे, अकरा वाजून पाच: फोनशेजारी बसून पांघरुणाला टाके घालत होते, बहिणीचा फोन यायचा होता आणि तो सव्वाअकराला आलाही. २७ मे, दहा वाजता: पाय मुरगळला होता, दिवसभर बाहेरच्या खोलीत पडून होते. फोन माझ्या हाताच्या अंतरावर आणि घंटा एकदाही वाजलेली नाही.

रेकॉर्डच्या खोलीतल्या कारकुनाला सगळे चष्मेबुवा म्हणत. मी माझी वही त्याच्या टेबलावर आपटली.

"आजी, आम्ही फोन लावत नाही," तो म्हणाला. "आम्ही बोर्डाला नंबर सांगतो. बोर्ड लावतो."

"मग ज्या कुणी न लावता 'उत्तर नाही' लिहिलं, तिची नोकरी गेली पाहिजे. लिहून घ्या माझी तक्रार. एका बाईचा जीव जातोय तिच्या आळसापायी."

"बोर्डबाई आळशी? काहीतरीच काय! तुमची घंटा बिघडली असेल."

"बोर्डाची वही मागवा."

शिपाई जिन्याखालून मेची वही घेऊन आला. चष्मेबुवानं पान काढून माझ्यापुढे सरकवलं, जिंकल्यासारखं. १९ मे, दहा चाळीस. आमचा नंबर. "रेकॉर्ड विभाग." पुढे "उत्तर नाही".

ते अक्षर मी तीस वर्षं वाणसामानाच्या यादीत, दुधाच्या चिठ्ठीत, औषधाच्या बाटलीवर पाहत आले होते. पुढची दोन पानं मी उलटली नाहीत.

"बघा," चष्मेबुवा सांगत होता. "मला आठवतंय. मी नंबर सांगितला, बाई जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, घंटा जातेय, उचलत नाहीत. तिन्ही वेळा. बाई चुकायच्या नाहीत कधी."

"फाईलवर नाव होतं. तुम्हाला कळलं नाही हा पेशंट कोण आहे?"

"कोण आहे?"

मी बोर्डाची वही मिटून त्याच्याकडे सरकवली.

"बोर्डबाईंचं नाव काय?" मी विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसला. "नाव... बोर्डबाईच म्हणतो आम्ही. का? तक्रार त्यांच्या नावानं लिहायची? लिहू?"

"नको," मी म्हटलं. "आम्हीच घरी नसू."

माझी वही उचलून मी बाहेर पडले. खोटं बोलले ते त्या बाईसाठी बोलले आणि बोलताना तिचाच भयंकर राग येत होता.

वन्सं वॉर्डात पडद्यामागे होत्या. मी स्टूल ओढून बसले.

"वही बघून आले तुमची."

त्यांनी डोळे मिटले. मग हळूच, नर्सला ऐकू जाणार नाही असं, म्हणाल्या, "अक्षर नीट होतं ना?"

"वन्सं, थट्टा पुरे. का केलंत?"

"दुर्बीण कुठून घालतात माहीत आहे ना? पाय वर बांधून. रोज सकाळी ज्या माणसाला मी नमस्कार साहेब म्हणते, त्याच्यापुढे."

"त्या माणसानं तुम्हाला लिफ्टमध्ये ओळखलं नाही! तुमचं तोंड त्याला ठाऊक नाही."

"तोंड नाही हो. आवाज. आत घालताना दुखलं असतं, मी आई गं म्हटलं असतं. तेवढ्यानं ओळखला असता. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन कसा जोडणार होते?"

"मंगळवारी तिथं एक बाई सर्जन असते. डॉक्टरीणबाईंनी आत्ता सांगितलं. ती करते दुर्बीण."

वन्संनी डोळे उघडले. खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. "तिचा फोन माझ्या बोर्डावर कधी आला नाही," त्या म्हणाल्या. "नवीन लोक मोबाईलवरून बोलतात."

मला तिथल्या तिथे त्यांना दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मी पांघरूण सारखं केलं आणि पाणी आणायला गेले.

ऑपरेशन मोठ्या सर्जननीच केलं. पोट उघडलं, सगळं काढता येईना, जेवढं काढता आलं तेवढं काढलं आणि लघवीला पोटावर पिशवी बसवली. जे टाळायला वन्संनी तीन वेळा "उत्तर नाही" लिहिलं, ते मग रोज झालं. सकाळच्या फेरीला सर्जन येत, मागे सहा सात शिकाऊ डॉक्टर. पांघरूण खाली ओढत, गाऊन वर करत, बोटानं दाखवत, इंग्रजीत चर्चा करत. मिशनच्या शाळेमुळे मला सगळं समजत होतं. वन्संना फार समजू नये, अशी माझी इच्छा होती.

त्या फेरीत वन्सं बोलत नसत. एक शब्द नाही. "दुखतंय का?" विचारलं तर मान हलवत. शिकाऊंनी टाके काढले, नळी बदलली, ओठ दातांत धरून पडून राहिल्या. फेरी पुढे गेली की मला म्हणत, "वहिनी, मरणाचं दुखतंय." मी नर्सकडे धावायचे. नर्स कागद दाखवायची. कागदावर लिहिलेलं असायचं: रुग्ण शांत, वेदनेची तक्रार नाही. दुखण्याचं औषध त्या कागदाच्या मापानं मिळायचं.

"निदान 'हो, दुखतंय' एवढं म्हणा," मी विनवलं. "दोन शब्द."

"दोन शब्द पुरतात ओळखायला."

फेब्रुवारीच्या एका सकाळी सर्जन खाटेपाशी उभे असताना त्यांना कुणालातरी बाहेर फोन लावायचा होता. नर्सच्या टेबलावरून त्यांनी बोर्डाला सांगितलं, चुकीचा नंबर लागला, पुन्हा सांगितलं, लाईन तुटली. फोन आपटून ते माझ्याकडे वळले, कारण जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"नवीन पोरगी बसवली आहे बोर्डावर. काही कळत नाही तिला. आधीच्या बाई होत्या ना, काय काम होतं त्यांचं! आवाज ऐकला की दिवस चांगला जायचा. कुठं गेल्या कोण जाणे."

मी वन्संकडे पाहिलं. सर्जनच्या कोपरापासून हातभर अंतरावर त्या पडल्या होत्या, डोळे उघडे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. डावीकडून उजवीकडे, एकदाच.

६ मार्चला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी कारकुनानं व्यवसाय विचारला, फाईलमध्ये बघितलं आणि "घरकाम" असं लिहिलं. मी ते खोडायला लावलं. त्यानं विचारलं, मग काय लिहू? मी सांगितलं: टेलिफोन ऑपरेटर, हेच हॉस्पिटल, एकतीस वर्षं. तो पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माणूस गेलं की राग जातो म्हणतात. माझा गेलेला नाही. ज्यांनी त्यांचं नाव विचारलं नाही त्यांच्यावर आहे, आणि त्यांच्याहून जास्त वन्संवर आहे. दहा मिनिटांचं काम होतं.